मोडीतली संमती

मद्रासला येऊन मला दोन वर्षं झाली होती, तरी अनोळखी माणसाने रस्त्यात काही विचारलं की माझी धांदल उडायची. "तमिळ तेरियादु", म्हणजे तमिळ येत नाही, एवढं पुटपुटून मी पुढे चालू लागायची. एकदा बसथांब्यावर एका म्हातारीने मला काहीतरी विचारलं. मी नुसती मान हलवली. ती समोरच्या बसमध्ये चढली. बस सुटल्यावर शेजारच्या बाईंनी सांगितलं की बिचारीला नेमकं उलट्या दिशेला जायचं होतं. त्यानंतर मी नेटाने तमिळ शिकायला लागले, पण भीड काही गेली नाही.

त्या जूनमधल्या सकाळी मी मांबलम स्टेशनवर लोकलची वाट बघत उभी होते. सासूबाई पहिल्यांदाच मद्रासला येत होत्या, मुंबई मेलने. माझे यजमान रेल्वेच्या ऑफिसात कारकून. त्यांना रजा मिळाली नव्हती. सासूबाईंना सेंट्रलवर उतरवून घेण्याचं काम माझ्यावर आलं होतं, आणि मला आदल्या दिवसापासून धडकी भरली होती. त्या वेळेच्या अगदी पक्क्या. पाच मिनिटं उशिरा आलेल्या माणसाला त्या पाच वर्षं ऐकवत.

"अक्का, तुम्ही मराठी कीं?"

मी दचकून वळले. सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती. परकर, अर्धी साडी, चापूनचोपून घातलेली वेणी, छातीशी कागदांची पिशवी धरलेली.

"तू कसं ओळखलंस?"

"गळ्यांतले काळे मणी पाहून."

तिचं मराठी तंजावरकडच्या जुन्या मराठी घरांतलं होतं. शब्द पोथीतले आणि हेल तमिळ. अकरा वाजता एका रुग्णालयात तिची नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती. सोबत घरचं वडील माणूस आणावं, असं पत्रात लिहिलं होतं. वडील नव्हते. आई येणार होती, पण ज्यांच्या घरी त्या दोघी राहत त्या मामांना सकाळी सुगावा लागला. आपल्या घरातली मुलगी परक्यांची अंगं पुसणार नाही, असं म्हणून ते उंबऱ्यातच बसून राहिले.

"आई म्हणाली, तूं मागल्या दारानें जा. म्हणून मी एकटीच निघून आलें. तुम्ही माझी मावशी म्हणून येतां का? दहा मिनिटें पुरे."

मेल यायची वेळ होत आली होती. शिवाय ही मुलगी कोण, कुठली? तिचे मामा उद्या दारात येऊन उभे राहिले तर? "दुसऱ्या कोणाला तरी विचार" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण प्लॅटफॉर्मवर एवढ्या बायका उभ्या असताना ती माझ्याकडे आली होती, आणि या खेपेला भाषा येत नाही असं सांगायची सोय नव्हती.

"आईची खरंच परवानगी आहे?" मी विचारलं.

तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला, निघताना आईने लिहून दिलेला. पानभर मोडी होती. तिच्या आईला तेवढंच लिहिता येत होतं. आजोबांनी लहानपणी शिकवलेलं. मुलीला मोडी वाचता येत नव्हती आणि मलाही नाही. आमच्या शाळेत मी पोचेपर्यंत मोडी मागे पडली होती. माझ्या डोळ्यांपुढे नुसती वळणं आणि आकडे नाचले.

लोकल धडधडत आत आली.

"मी मावशी होणार नाही," मी म्हटलं. "खोटं बोलायला लागले की माझी जीभ अडखळते. पण तुझ्याबरोबर येते. आधी सेंट्रलला माझ्या सासूबाईंना घ्यायचंय. चढ."

सेंट्रलवर कळलं, मेल पाऊण तास लेट. मुलगी घड्याळाखाली उभी राहून काट्यांकडे बघत होती. तू एकटीच पुढे हो म्हटलं, तर म्हणाली, "एकटी गेलें तर दारांतूनच परत पाठवितील." मी मनातल्या मनात सासूबाईंना सांगायची वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळत नव्हतं.

सासूबाई उतरल्या त्या नऊवारी नीट करत, कपाळावर कोळशाची काजळी, मागे ट्रंक आणि वळकटी. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मुलीकडे बघितलं.

"ही कोण?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. हमाल ताटकळत उभा. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली.

"कागद बघू."

त्यांनी चष्मा लावला आणि त्या गर्दीत, लोक दोन्ही बाजूंनी धक्के देत असताना, पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "अक्षर किती सुरेख आहे बाईचं," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून, "किती वाजता जायचंय?"

"अकराला."

"मग इथे काय उभ्या राहिलात? गाडी बोलवा."

आम्ही तिघी ट्रंकेसकट एका जटक्यात बसलो. घोडा मरतुकडा होता, पण वेळेत पोचलो.

मुख्य बाई उंच, करड्या केसांच्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, पालक कोण?

"आमच्यापैकी कोणी नाही," मी म्हटलं. "मला ही मुलगी आज सकाळी स्टेशनवर भेटली." मुलीचा चेहरा पांढरा पडला. मी घाईघाईने पुढे बोलले, "पण हिच्या आईने परवानगी लिहून दिली आहे. ती वाचू शकणारं माणूस आम्ही आणलं आहे."

बाईंनी कागद उलटा धरला, सुलटा केला, आणि सासूबाईंच्या हाती दिला. सासूबाई उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि खणखणीत आवाजात वाचू लागल्या. एकेक वाक्य मी इंग्रजीत सांगत गेले. माझी कन्या मी स्वसंतोषाने पाठवीत आहे. तिचे वडील हयात नाहीत, सबब निर्णय माझा आहे. माझ्या बंधूंची हरकत आहे, ती माझी नव्हे. आजाऱ्याची सेवा करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

बाई हसल्या नाहीत. "यात हेच लिहिलंय, हे मी कशावरून मानू?"

मी ते मराठीत सांगितलं. वाटलं, संपलं सगळं. सासूबाईंनी मात्र शांतपणे कागद टेबलावर पसरला.

"त्यांना सांग, कुठल्याही शब्दावर बोट ठेवा. मग तसाच शब्द दुसरीकडे शोधा."

बाईंनी वरच्या ओळीत बोट ठेवलं. "कन्या." बराच वेळ शोधून खाली तसाच आकार सापडला, तिथे ठेवलं. "कन्या." मग मधेच कुठेतरी, फसवायला म्हणून. "बंधू." पुन्हा अगदी शेवटच्या ओळीत. "कन्या." आता बाईंना हसू आवरेना. त्यांनी आम्हा दोघींना बाहेर बसायला सांगितलं आणि मुलीला थांबवून घेतलं.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. तिच्या हातात नवा कागद होता. पहिल्या तारखेला अंथरूण घेऊन हजर व्हायचं. आठ दिवसांत आईने येऊन सही करायची. ती रडत होती आणि हसतही होती. सासूबाईंच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला मधेच धरून उभी केली. "आता घरी पुढच्या दाराने जायचं," त्या म्हणाल्या.

परतताना जटक्यात मी हळूच विचारलं, "आई, रागावला नाहीत ना?"

"रागवू कशाला? दोन रात्री बसून अंग आंबलं होतं, जरा मोकळं झालं." मग थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघत, "तुला इतकं इंग्रजी येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच माझं कौतुक ऐकत होते. मी गाडीवाल्याला तमिळमध्ये, चांगल्या मोठ्या आवाजात, सांगितलं की घर राहू दे, आधी समुद्रावर घे. तो वळून म्हणाला, ट्रंक घेऊन? मी म्हटलं, ट्रंक घेऊन.

आठवड्याच्या आत तिची आई सही करून, मुलीने लिहून घेतलेल्या पत्त्यावर आम्हाला भेटायला आली. भावाशी तिचं काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तीन वर्षांनी आम्हाला समारंभाचं बोलावणं आलं. मुलगी पहिली आली होती. पांढरीशुभ्र टोपी घालून ती मंचावर गेली तेव्हा पुढच्या रांगेत तिची आई ताठ बसली होती, आणि तिच्या शेजारी जरीचं उपरणं घेतलेले एक गृहस्थ मागे वळून वळून सगळ्यांना सांगत होते, "ती माझी भाची."