बाईला बाहेर बसवा

उदगीर नव्या लातूर जिल्ह्यात गेलं, त्यानंतरच्या दुष्काळातली ही गोष्ट. मी तिथं शाळेत मास्तरीण होते. शाळेतला हापसा आटला होता, म्हणून पोरांना लवकर सोडायचो. एका सकाळी फळ्यावर बेरीज लिहिताना छातीत एकदम धडधडायला लागलं. हातपाय गार पडले, श्वास पुरेना. वाटलं, संपलं.

आमचे हे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मुनीम. धावत आले, मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर बसा." यांना मात्र आत ठेवून घेतलं. आमच्याकडं रीतच तशी. आजार बाईचा, पण सांगायचा पुरुषाला. हे बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "काई न्हाई. कमजोरी हाय जराशी."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आईच्या पोटात गाठ होती, तेव्हा वडिलांनी तिला हेच शब्द सांगितले होते. तीन महिन्यांत ती गेली. गाठीचं अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त तिलाच नव्हतं.

धडधड पुन्हा झाली, पुन्हा पुन्हा झाली. मी दुसरा डॉक्टर गाठला, मग तिसरा, मग लातूरचा मोठा. कार्डिओग्राम, रक्त, फोटो, सलाईन. सगळे म्हणायचे, काही नाही. जितके जास्त जण काही नाही म्हणायचे, तितकी माझी खात्री व्हायची की आपलं काही खरं नाही. हे तर ताकास तूर लागू देत नव्हते. एकदा माझ्यासाठी मोसंबी घेऊन आले. दुष्काळात मोसंबी! मरणाऱ्या माणसाचेच असे लाड करतात, असं म्हणून मी ती फेकून दिली.

माझा पगार दवाखान्यात जात होता. बिलं भरपाईसाठी लातूरला शिक्षण खात्याच्या कचेरीत पाठवली, तर तिथले म्हणायचे, फाईल अजून जुन्या जिल्ह्यात, उस्मानाबादेत आहे. उस्मानाबादवाले म्हणायचे, आता तुमचा जिल्हा वेगळा. शेवटी माझ्या पाटल्या मोडल्या आणि आम्ही नांदेडला गेलो. तिथं एका डॉक्टरीणबाईंनी नवाच दवाखाना काढला होता.

"पेशंट कोण?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला. "मग साहेब, तुम्ही बाहेर बसा."

तासभर त्या मला विचारत राहिल्या, आईचंसुद्धा. मग म्हणाल्या, "तुमचं हृदय ठणठणीत आहे. हा भीतीचा आजार आहे. गोळ्या घ्या, महिन्यातून एकदा येऊन बोला. उतार पडेल."

माझा विश्वास बसला नाही. "असं कागदावर लिहून द्या," मी म्हणाले. त्या हसल्या, पण मराठीत लिहून सही करून दिली.

बसस्टँडवर मी तो कागद यांना दाखवला. त्यांचा चेहरा पडला.

"ह्यो कागद बिलाला लावू नको."

"का?"

"लातूरला नवे साहेब आलेत. मास्तरीण येडी हाय म्हणून शेरा मारतील. नोकरी जाईल तुझी."

"इतक्या लवकर कसं सुचलं तुम्हाला हे?"

हे बसकडं निघाले. मी हलायचं नाव घेईना, बस निघून गेली. तेव्हा कुठं हे बोलले. उदगीरच्या पहिल्याच डॉक्टरनं सांगितलं होतं, छातीत काही दोष न्हाई, मनाच्या डॉक्टरला दाखवा. "मी म्हणलं, आपोआप बरी व्हशील. लोकांच्या तोंडी कशाला द्यायचं?"

पाटल्या गेल्याचं मला वाईट वाटलं नाही. राग आला तो वेगळाच. वर्षभर मी रोज मरत होते, आणि मी मरणार नाही हे माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. त्यांनी माझी नोकरी सांभाळली म्हणे. मला कोण सांभाळणार होतं?

दुसऱ्या दिवशी शाळेत बसून मी नवं बिल भरलं, तो कागद टाचणीनं त्याला लावला आणि लातूरला पाठवून दिला.