मिरगाआधीचा वाघ

प्रवासवर्णन लिहावं इतका प्रवास मी केलेला नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि आमचा प्रवास म्हणजे मुलुंडहून गावी, गावाहून मुलुंडला. पण वार्षिक अंकासाठी काहीतरी दे, असं सरांनी सांगितलं आणि माझ्याजवळ एवढंच होतं. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

बाबांना वाघ बघायचा होता. लहानपणी गावी त्यांच्यासमोर वाघाने गाय नेली, पण त्यांना दिसलं ते फक्त हललेलं गवत. पुढे ते मुंबईला आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडली, तरी ते गवत त्यांच्या बोलण्यात राहिलं. यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजर कमी होत जाणार आणि गेलेली परत येणार नाही. तेव्हापासून बाबा वाघाचं नाव काढेनात, म्हणून मीच ताडोब्याचं ठरवलं.

ठरवणं म्हणजे पावसाचा अंदाज बांधणं. बाबांना लांबचं दिसत नाही, तेव्हा वाघ जवळ यायला हवा. उन्हाळ्याच्या शेवटी पाणवठे आटतात, एखाददुसरा उरतो, आणि जनावरांना तिथे यावंच लागतं. पाऊस लागला की सगळं संपलं. म्हणजे पावसाच्या जितकं जवळ जाऊ तितकं बरं, पण त्याच्या आत परतायचं. मी रोज वर्तमानपत्रात हवामान वाचत होतो. बाबा म्हणाले, "पेपरात काय बघतंस? मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आधी जावन येवया."

आईलाही चल म्हटलं.

"मी खंय येव? सकाळी पिंप कोण भरतलो? तुमीच जावा. आणि त्या वाघाक सांगा, गाय खाल्लंस ती खाल्लंस, आता तोंड तरी दाखव."

वर्ध्याला गाडी बदलून आम्ही चंद्रपूरला उतरलो. ऊन असं की एसटीच्या खिडकीच्या गजाला हात लावता येईना. जंगल मला हिरवं वाटलं होतं. ते करड्या रंगाचं निघालं. सागाला पान नाही, खाली पाचोळा, मधून वाळलेला बांबू. बाबांना मात्र ते आवडलं. "आडोसो नाय. दिसतलो," म्हणाले.

विश्रामगृहात जेवायला पातोड्या (बेसनाच्या वड्या) तिखट रश्श्यात होत्या. बाबांना ठसका लागला. त्यांनी उतारा म्हणून घरून आणलेला सुका जवळा (बारीक कोळंबी) काढून ठेवला, तर खिडकीतून माकडाने पुडी पळवली, हुंगली आणि तोंड वेडंवाकडं करून टाकून दिली. खानसामा पोट धरून हसला.

आमचे वाटाडे दौलतभाऊ. त्यांनी आम्हाला एका बोडीवर (लहान तळ्यावर) मचाणात बसवलं. पाणी परातीएवढं उरलं होतं. संध्याकाळी चितळं आली, इतकी जवळ की बाबा कुजबुजले, "ठिपके दिसतत रे माका."

"उद्या थो येते पाहा," दौलतभाऊ म्हणाले. "त्याले दुसरीकडं पाणीच नाही."

त्या रात्री वादळ झालं. कौलांवर तासभर पाऊस कोसळला. सकाळी जंगलात जाताना प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक चाकोरीत पाणी चमकत होतं.

दौलतभाऊंनी कपाळाला हात लावला. "आता थो इथं कायले येते? जिकडं तिकडं पाणी झालं ना, बाप्पा."

तरी आम्ही दिवसभर बसलो. एक मुंगूस आलं. तारीख मी निवडली होती.

निघायच्या दिवशी ओल्या वाटेवर दौलतभाऊ थांबले. चिखलात पंजा उमटला होता, ताजा, कडासुद्धा शाबूत. बाबा उकिडवे बसले आणि आपला तळवा त्यात ठेवला. तळवा आत मावला, बाजूला जागा उरली.

"हयसूनच (इथूनच) गेलो," ते म्हणाले.

घरी आल्यावर आईने विचारलं, "दिसलो?"

"पाय बघितलंय."

तिने चहा पुढे केला. टोमणा मारला नाही, याचं मला नवल वाटलं. पुढे मुंबईत पाऊस लागला, कॉलेज सुरू झालं. आपलं घर सोडून लांब गेलं की पाहिजे ते मिळतंच असं नाही, असं काहीतरी लिहून मी हा लेख संपवणार होतो.

पण काल शेजारच्या काकी मला नळावर म्हणाल्या, "तुमी थंय गेल्लास तेव्हा तुझ्या आवशीन हयसर बिबटो बघितल्यान. माका शपथ घातल्यान, म्हणान गप रवलंय."

आमची चाळ डोंगराला टेकून आहे आणि डोंगरापलीकडे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. पहाटे पाणी भरायला आईने दार उघडलं, तर बिबट्या पिंपाला तोंड लावून पाणी पीत होता.

मी घरात येऊन विचारलं. आई बाबांकडे बघत म्हणाली, "एवढ्या लांब जावन रिकामी इलास. कसा सांगू?"

बाबा उठून खिडकीशी गेले, डोळे बारीक करून बाहेर बघत राहिले.

"पिंप दिसता माका," ते म्हणाले. "उद्या उठशीत तेव्हा माका हाक मार."

आज पहाटे ते तिच्याआधीच उठून बसले होते.