तुमच्या घड्याळातला पाऊस

"आजी, सारखी त्या स्क्रीनवर काय बघत असतेस?" असं तुम्ही दोघं फोनवर हसत विचारता. मी हवामान बघते. कोणी मालिका बघतं, कोणी सोन्याचा भाव बघतं, तसं माझं हे. पण या दिवाळीनंतर जे झालं ते फोनवर धड सांगता आलं नाही. मध्येच तुमची शाळेची बस आली. म्हणून लिहूनच पाठवते.

आमच्या घरामागे लगेच धानाच्या बांध्या सुरू होतात हे तुम्ही पाहिलं आहे. चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला शेताचा तुकडा म्हणजे बांधी. धाकटी, तू त्या बांधावरून चालताना चिखलात बसली होतीस. त्या बांध्या आपल्या शेजारणीच्या आहेत. तिचा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. शेती ती आणि तिचे म्हातारे सासरे मिळून करतात. ती मला मॅडमबाई म्हणते, कारण तिच्या दिरांना मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते, म्हणून मीही मामाजीच म्हणते, जरी ते माझ्यापेक्षा फार मोठे नसले तरी.

आमच्याकडे धान कापलं की लगेच घरी आणत नाहीत. कापलेलं धान बांधीतच ओळीने आडवं पसरून ठेवतात. त्याला कडपा म्हणतात. दोन-चार उन्हं खाऊन कडपा वाळल्या की त्यांचे भारे बांधायचे आणि भाऱ्यांचा उंच ढीग रचायचा. तो ढीग म्हणजे पुंजणं. पुंजणं एकदा नीट रचलं की वरून पाऊस आला तरी फार बिघडत नाही. पण कडपा पसरलेल्या असताना पाऊस आला तर दाणा काळा पडतो, त्याला मोड येतात. आणि पावसाच्या धास्तीने ओलेच भारे बांधले तर पुंजणं आतून तापतं, तांदळाला कुबट वास लागतो. म्हणजे घाई केली तरी नुकसान, उशीर केला तरी नुकसान.

मागच्या वर्षी तिच्या कडपा भिजल्या. वर्षभर त्यांनी तोच वासाचा, तुकडे पडलेला भात खाल्ला. दिवाळीत तिने मला पायलीभर तांदूळ दिला तेव्हा म्हणाली, "मॅडमबाई, देवाले दाखवासारका नाई, पन घरचा आहे." मी तोच शिजवून खाल्ला. यंदा मात्र तिच्या मनात एकच होतं, वर्षभराचा तांदूळ चांगला घरात यावा. दुसरं काही ती बोलतच नव्हती.

आता माझ्या हवामानाकडे येते. पूर्वी रेडिओवर सांगायचे, विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस. विदर्भ केवढा मोठा! त्या तुरळक ठिकाणांत आपण आहोत की नाही हे पाऊस पडल्यावरच कळायचं. तुमच्या बाबाने मला या वेबसाइट्स दाखवल्या तेव्हा मला खरोखर भरून आलं. कुठल्या तरी समुद्रात कोणी यंत्र सोडतं, कुठे आकाशात फुगे सोडतात, युरोपातले आणि अमेरिकेतले मोठे संगणक ते सगळं गणित करतात आणि ते आमच्या गावच्या नावानिशी मला फुकट बघायला मिळतं. त्या लोकांना आमची बांधी माहीत नाही, पण त्यांच्या नकाशातला एक चौकोन तिच्यावर पडतो. मी रोज सकाळी चहा घेताना मनातल्या मनात त्यांचे आभार मानते.

मी तीन वेबसाइट्स बघते आणि तिघींचे स्वभाव वेगळे आहेत. पहिलीत सगळा नकाशा हलतो, वारा रेघारेघांनी वाहताना दिसतो. दिसायला फार सुंदर, पण बघता बघता माणूस बंगालच्या उपसागरात हरवतो आणि उद्या आपल्याकडे काय हे विसरून जातो. दुसरी अगदी रुक्ष. नुसता तक्ता, दर तीन तासांचा एक रकाना, त्यात तापमान, वारा, पाऊस. हिच्यावर माझा जास्त जीव आहे. तिसरीत एकाच पावसाच्या पन्नासेक रेघा एकमेकींत गुंतलेल्या असतात, शेवयांसारख्या. त्या रेघा एकत्र चालल्या तर अंदाज भरवशाचा आणि पांगल्या तर देवाला ठाऊक. शेवया बघितल्यावर शहाण्या माणसाने फार ठाम बोलू नये एवढं मी शिकले.

युरोपचं मॉडेल आणि अमेरिकेचं मॉडेल, म्हणजे त्या संगणकांची गणितं, यांचं तर कधी कधी सरळ भांडण असतं. शेजारणीने एकदा विचारलं, "दोघंबी इंग्रजीच शिकले ना? मंग भांडून काऊन राह्यले?" मी म्हटलं, "तू आणि मामाजी एकाच घरात राहून भांडता की नाही?" मामाजी ओट्यावरून ओरडले, "आमी भांडत नाई, मॅडमबाई. ते बोलते, मी आयकतो."

दिवाळीनंतर त्यांचं धान कापून झालं. सोमवारपासून कडपा पसरलेल्या होत्या. भारे बांधायला नदीपलीकडच्या बाया जीपने येणार होत्या, त्यांचा दिवस गुरुवारचा ठरला होता. आणि नेमकं आंध्रच्या किनाऱ्याकडे कमी दाबाचं काहीतरी तयार झालं. मंगळवारी ऊन होतं, पण आभाळात पिसासारखे ढग आले. तिसऱ्या साइटवरच्या शेवया अगदी एका जुडीत चाललेल्या. पाऊस येणार यात शंका नव्हती. प्रश्न कधी येणार एवढाच होता.

बुधवारी सकाळी मी पलंगावर बसून टॅबलेट उघडला. तुम्ही मागच्या वेळी येताना आणलेला तोच. वाऱ्याच्या साइटवर आमच्या गावावर बोट ठेवलं. पाऊस गुरुवारी सकाळी दहाला सुरू, जोराचा. बाया तर गुरुवारीच येणार! मी तशीच चपला घालून मागे गेले आणि तिला सांगितलं. तिने वाकून एका कडपेतला दाणा उचलला, दाताखाली धरला. वाळलेला दाणा कट्कन तुटतो. हा तुटला नाही, दबला.

"ओलाच आहे वो, मॅडमबाई. एक ऊन कमी पडून राह्यलं."

"पण उद्या सकाळी पाऊस दाखवतंय."

ती म्हणाली, "भिजन्यापरीस ओला बरा. बांधतो आजच." आणि आवाज दिला, "मामाजी, या! तनसाचे दोर काढा!"

धानाच्या वाळल्या काड्यांना आमच्याकडे तणीस म्हणतात, त्याचेच दोर वळून भारे बांधतात. शेजारच्या दोन जणी मदतीला आल्या. अकरा वाजेपर्यंत पहिल्या बांधीचे भारे बांधून झाले. मी घरी आले, पण चैन पडेना. ती माझ्या शब्दावर ओलं धान बांधत होती. म्हणून फोनवर दुसरी साइट उघडली, ती रुक्ष तक्त्याची. तिथे पाऊस गुरुवारी रात्री साडेआठला.

आधी वाटलं, नेहमीचंच, दोन मॉडेलांचं भांडण. मग पाहिलं तर दोन्हीकडे युरोपचंच मॉडेल निवडलेलं, गणितही त्याच दिवसाचं. एकाच माणसाचं भाषण दोन वर्तमानपत्रांत छापलं तर शब्द थोडे इकडेतिकडे होतील, पण सकाळची सभा रात्री कशी होईल? मी टॅबलेट आणि फोन ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक आकडा ताडून बघू लागले. पावसाचे मिलिमीटर तेच. वारा तोच. तापमानाचे आकडेही तेच, त्याच क्रमाने. फक्त फोनवर सगळ्यात जास्त ऊन दुपारी अडीचला होतं आणि टॅबलेटवर पहाटे चारला.

पहाटे चारला ऊन! आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाबद्दल लोक काहीही बोलतात, पण पहाटे चारला अजून कोणी भाजलेलं नाही.

आणि मग माझी नजर टॅबलेटच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. बाहेर दुपार व्हायला आलेली आणि तिथे मध्यरात्र उलटून तासभर झालेला. ते घड्याळ तुमचं होतं, टोरांटोचं. मीच ते तसं ठेवलं आहे. तुम्ही उठलात का, शाळेतून आलात का, फोन करू की नको, हे मला एका नजरेत कळावं म्हणून. साइट टॅबलेटचंच घड्याळ धरून वेळ दाखवत होती. एरवी मी तिथे नुसते वारे बघते, वेळ बघायची कधी गरजच पडली नव्हती. गुरुवारी सकाळी दहा म्हणजे तुमचे सकाळचे दहा. आमचे रात्रीचे साडेआठ. दोन्ही साइट्सचं एकमत होतं. मध्ये फक्त साडेदहा तासांचं अंतर होतं, तुमच्या आणि माझ्यातलं.

या वयात मी एवढ्या जोराने चालू शकते हे मला त्या दिवशी कळलं. बांधावर उभी राहून मी ओरडले, "थांबा! बांधू नका! उद्याचं ऊन पूर्ण आहे. पाणी उद्या रात्री येणार."

सगळ्या जणी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी हाफत हाफत सगळं सांगितलं, टॅबलेट, टोरांटो, घड्याळ. शेजारणीने एकच विचारलं, "आता पक्कं ना?"

मी तिला फोन आणि टॅबलेट दोन्ही दाखवले. उन्हाचा आकडा, पावसाचा आकडा, दोन्हीकडचे. इंग्रजी आकडे तिला वाचता येतात. तिने बोटाने एकेक रकाना धरून बघितला, नेमकी पावसाच्या रकान्यावर येऊन थांबली. मामाजींनी बिडी कानावर खोचली आणि म्हणाले, "म्हंजे आतापावतर आपन कॅनडाच्या पान्याले भेवून राह्यलो होतो?"

सगळ्या जणी ज्या हसायला लागल्या! एक जण तर भाऱ्यावरच बसली. "सोडा वो भारे," शेजारीण म्हणाली, "मॅडमबाईच्या नातवाईच्या गावाले पडू द्या ते पानी." पहिल्या बांधीचे सगळे भारे सोडून धान पुन्हा उन्हात पसरलं. मीही दोन भारे सोडले. हाताला दिवसभर खाज सुटली, पण बरं वाटलं.

तरी बुधवारची दुपार काही सोपी गेली नाही. आभाळ दाटून येत होतं, ऊन मधूनच जात होतं. ती दर थोड्या वेळाने कुंपणाशी येऊन हाक मारायची, "आता काय म्हनते?" आणि मी म्हणायची, "तेच म्हणते." तिने एकदाही म्हटलं नाही की तुमच्यामुळे एवढं काम दोनदा झालं. मी मनात तिसऱ्या साइटच्या शेवया मोजत होते.

गुरुवारी सकाळी ऊन पडलं. पातळ, पण ऊन. जीपने बाया आल्या. जेवणाच्या आधी तिने पुन्हा दाणा दाताखाली धरला आणि मला आवाज ऐकू यावा म्हणून मुद्दाम कुंपणाजवळ येऊन तोडला. कट्कन. मग भारे बांधायला सुरुवात झाली. दिवेलागणीच्या आत पुंजणं उभं राहिलं, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. माझं जेवण झालं आणि पत्र्यावर पहिले थेंब वाजले. घड्याळ मी बघितलं नाही. शुक्रवारी सकाळी बांध्यांमध्ये घोटाभर पाणी होतं आणि मामाजी छत्री घेऊन पुंजण्याभोवती फेऱ्या मारत होते, लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाकडचे रुबाबात मारतात तशा.

मळणी झाल्यावर तिने नवा तांदूळ आणला. पांढरा, सुटा, वास घेतला तर नुसता धानाचा वास. "यंदाचा देवाले दाखवला," म्हणाली. मी नुसता भात आणि वर तूप घेऊन खाल्ला, भाजीसुद्धा केली नाही.

तेव्हा मी तिला सांगितलं की आता टॅबलेटचं घड्याळ इकडचं करून टाकते, पुन्हा असा घोळ नको. तिने माझ्या हातातून टॅबलेट काढूनच घेतला. "लेकराईचं घड्याळ कायले बदलता? पान्याले फोन आहे न. हे राहू द्या." मग कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघून विचारलं, "आता उठले असतीन का ते?"

तेव्हापासून ती रोज कुंपणावरून तेच विचारते. ढगांची चौकशी त्याच्यानंतर. तुमच्या वाटचा तांदूळ तिने डब्यात वेगळा काढून ठेवला आहे, मला हात लावू देत नाही. आत्ता कोपऱ्यात सकाळचे सव्वासहा दाखवतंय. तुम्ही दात घासत असाल. हे वाचून झालं की फोन करा. ती इथेच बसली आहे.