डोळा पडल्याशिवाय सीताफळ तोडायचं नाही

"मॅडम, सुट्टीत आमच्या टेकडीवर याच," असा सविताचा फोन आला आणि मी निघायचं ठरवलं. सविता माझी जुनी विद्यार्थिनी. कळमनुरी तालुक्यातल्या तिच्या गावची पंधरा-वीस पोरं-पोरी गोळा करून ती रानातली सीताफळं काढते, एवढंच ऐकून होते.

नांदेडहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे खर्च किरकोळच. आखाडा बाळापूरला उतरून भजी-चहा उरकून घ्या, पुढे हॉटेल नाही. तिथून जीप गावापर्यंत सोडते. पायात बूट हवेतच. टेकडीवर काटे फार.

वर चढल्यावर सवितानं एक फळ दाखवलं. "खवल्यांच्या मधी पांढरं झालंय न्हवं? याला डोळा पडला म्हणतेत. डोळा पडल्याबिगर तोडायचं न्हाई, कच्चं तोडलं तर गोड होत न्हाई. फांदी मोडायची न्हाई. शेंड्यावरची पाखरांला."

दुपारी खाली उतरलो तर व्यापाऱ्याचा टेम्पो उभा. शेजारी सविताचे चुलते हिरव्या, कच्च्या फळांचं टोपलं घेऊन. व्यापारी म्हणाला, "कच्चं-पक्कं सगळं द्या, नाहीतर मी चाललो."

"काका, तुमचं टोपलं आमच्या मालात न्हाई जायचं," सविता म्हणाली.

"काहून? जंगल काय तुझ्या एकटीचं हाय?"

"न्हाई, सगळ्यांचं हाय. म्हणून तर बोलून राहिले."

टेम्पो रिकामाच गेला. पोरांचे चेहरे उतरले. एवढी फळं आता न्यायची कुठं? सविता म्हणाली, "उद्या कळमनुरीचा बाजार हाय. आपणच बसू."

रात्री मी सविताकडेच राहिले. सकाळी जीपमध्ये माल चढवताना काका आले. रिकाम्या हातानं. टोपली उचलून देऊ लागले.

बाजारात मीही पोरांसोबत पोत्यावर बसले. "मीठा है क्या?" एका बाईनं विचारलं. सवितानं फळ फोडून तिच्या हातावर ठेवलं. दुपारपर्यंत सगळी टोपली रिकामी झाली. शेवटची फळं काकांनी विकली, तीही ओरडून ओरडून, "डोळा पाहून घ्या, डोळा!"

नांदेडला परतून आठवडा झाला. दरवर्षी मी दहावीच्या वर्गाला सांगते, शिका आणि गावाबाहेर पडा. सवितालाही तेच सांगितलं होतं. काल वर्गात तिची गोष्ट सांगितली, आणि ते नेहमीचं वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही.