चार लवंगांचा चोर झाला

बायांनो, आज सकाळी लेकीनं मसालेभाताची कृती मोबाईलवर धाडली. म्हणलं, आज कुणाला इचारायचं न्हाई, आपलं आपण वाचायचं. शाळा माझी तिसरीपातूर, पुढं म्हशी. पण अक्षरं वळखतीया.

मोठ्यानं वाचलं, "फोडणीत चोर लवंगा घाला." सून हसत म्हणाली, "आत्याबाई, चोर कुटं गावला तुमास्नी?" मी मोबाईल पालथा ठिवला. वाटलं, जेवढं येत व्हतं तेवढंबी गेलं.

आमच्या वरच्या खोलीत लातूरची अश्विनी भाड्यानं ऱ्हाती. कंप्युटरच्या कंपनीत हाय, पण भाकरी माझ्यापरीस पातळ थापती, ते आसू द्या. ती खाली आली तवा तिला चोराचं सांगितलं. तिनं मोबाईल बघितला आन म्हणाली, "आजी, तुमचं काय चुकलं नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या 'चार'च्या डोक्यावर बसलाय."

तिनं कायतरी दाबलं. अक्षरं जरा मोठी झाली, ओळी सुट्या झाल्या, पांढरा झगमगाट जाऊन सायीवानी रंग आला. आमी शेतात भाताची रोपं लावताना अंतर सोडतो ना, तसं ओळीओळीत वारं खेळाया लागलं.

मग बोट न ठिवता शेवटपातूर वाचलं. लई गुणाची पोर.

फोडणी टाकताना सून म्हणाली, "चारच ना, आत्याबाई?" म्हणलं, "व्हय, चारच."

तुमच्या घरात कुणी थोरलं माणूस मोबाईल पालथा ठिवून "मला न्हाई येत" म्हणत आसंल, तर आधी त्याच्या ओळी सुट्या करून द्या. आन हितं लिवा, तुमच्याकडं कुणाचा चोर पकडला?