एका मोबाइलवरच्या पाच शेतकरणी

आज सकाळी वरवट बकालहून शोभाताईंचा फोन आला. "भाऊ, तुमची वेबसाइट आमाले काऊन अडवून राह्यली? आमी काय चोरी केली?"

भाजी पिकवणारे आमच्या शेतकरी संस्थेचे सभासद या वेबसाइटवर खामगावच्या बाजारात जाणाऱ्या गाडीत मालासाठी जागा धरतात. नोंदणी दुपारी दोनला बंद होते. शोभाताई आणि शेजारच्या चौघींची भेंडी तोडून तयार होती. गाडी चुकली असती तर ती घरातच सुकली असती.

चूक माझी होती. कोणीतरी खोट्या नावांनी जागा अडवत होतं, म्हणून कालच मी मिडलवेअर बसवलं. म्हणजे आलेली प्रत्येक मागणी आत जाण्याआधी तपासणारी चाळणी. नियम लिहिला: एका मोबाइलवरून दिवसाला एकच नोंद. शोभाताईंची नोंद झाली, चौघींच्या परत गेल्या. पाचजणींत मोबाइल एकच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"चाळणीच काढून टाक," सहकारी म्हणाला. मी काढली नाही. काढली तर गाडी कागदावर भरलेली दिसेल आणि अर्धी रिकामी जाईल. नियम बदलला. आता चाळणी मोबाइल पाहत नाही, सभासद क्रमांक पाहते. दीड वाजता पाचही नोंदी झाल्या.

"झालं बापा," शोभाताई म्हणाल्या. "पुढच्या खेपेले नियम करायच्या आधी आमाले इचारत जा."

विचारणार, आणि सुरुवात हे वाचणाऱ्यांपासूनच करतो. तुमच्या घरचा एक मोबाइल किती जण वापरतात?