पप्पांच्या बसमधली माझी कॅसेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. सांगण्यासारखं मोठं काही नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं — पण मग लपवलं तरी कशाला?

पप्पा चाकणच्या एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवायचे. गाडी ठेकेदाराची, पण तिच्यातला टेप पप्पांनी स्वतः हौसेनं बसवलेला. घरात आमच्या तिघांच्या तीन तऱ्हा. आईला जुनी, सावकाश चालणारी सिनेमातली गाणी. पप्पांना ढोलकीची, जेवताना लागली की ते ताट वाजवायचे आणि आई चिडायची. मी आठवीत होते, मला टीव्हीवर लागणारी पॉप गाणी आवडायची. माझ्याकडे एकच कॅसेट होती. ती मी इतकी वाजवली की आईला तिचे शब्द पाठ झाले, आणि पप्पांनाही झाले — चुकीचे.

खरं सांगू? फार सुखाचे दिवस होते ते.

बसमध्ये पुढच्या सीटवर बशीरकाका बसायचे. आमच्याच गल्लीतले, कारखान्यात वेल्डर, पप्पांचे जिवलग. त्यांच्या कव्वालीच्या कॅसेट आमच्या घरी असायच्या, आमच्या त्यांच्या घरी.

एक दिवस पप्पा माझी कॅसेट बसमध्ये घेऊन गेले. माझ्या पोरीची आवड बघा म्हणत अख्ख्या शिफ्टला ऐकवली. मग रोजच ऐकवू लागले. स्वतःही गायचे, मान हलवत, त्याच चुकीच्या शब्दांनी. किती कौतुक होतं त्यात — हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की वर्गातल्या श्रद्धाचे वडील त्याच बसनं जातात. मधल्या सुट्टीत तिनं पप्पांची नक्कल केली. सगळ्या हसल्या. मीही हसले — हेसुद्धा सांगायलाच हवं.

नका लावू, असं पप्पांना सांगता आलं नसतं का? आलं असतं. ते एका शब्दात थांबले असते. पण का नको, हे सांगावं लागलं असतं. मला तुमची लाज वाटते, हे कसं सांगणार?

बसच्या मागे ठेकेदाराचा नंबर लिहिलेला होता, तक्रारीसाठी. शाळेतून येताना वाण्याच्या दुकानातल्या नाण्याच्या फोनवरून मी तो फिरवला. आवाज जाड केला. म्हटलं, मी या बसनं जाते, ड्रायव्हर गाण्याच्या नादात समोर बघत नाही, एखाद्या दिवशी गाडी ट्रकखाली घालेल.

खोटं होतं ते. पप्पांनी उभ्या आयुष्यात कुणाला साधं खरचटूही दिलेलं नव्हतं.

ठेकेदारानं टेप उचकटून काढला आणि पप्पांना पंधरा दिवस घरी बसवलं. तक्रार प्रवाशाकडूनच आलीय, एवढंच सांगितलं. आणि पप्पांना आठवलं — आदल्याच दिवशी बशीरकाका म्हणाले होते, आवाज कमी कर, डोकं दुखतंय.

पप्पा भांडले नाहीत. काकांच्या सगळ्या कॅसेट त्यांनी एका पिशवीत भरल्या आणि मला म्हणाले, देऊन ये. काका दारात उभे राहून पिशवीत बघत राहिले.

"काय झालं गं? माझं काही चुकलं का?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्यानंतर दोघं बोललेच नाहीत. बस तीच, पण काका मागच्या सीटवर बसायला लागले. पप्पांचं ताट वाजवणंही थांबलं. यांना झालंय तरी काय, असं आई मला विचारायची आणि मी पुस्तकात डोकं घालायचे.

अशी बावीस-तेवीस वर्षं गेली. आता आई-पप्पा पिंपळे सौदागरला माझ्याकडेच असतात. गेल्या वर्षी पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काकांना कुठून कळलं कोण जाणे, एका दुपारी ते पेरू घेऊन दारात उभे! दोघं बराच वेळ डोळ्यांत घालायच्या थेंबांविषयीच बोलले. मग काका दर गुरुवारी येऊ लागले. मोबाईलवर ढोलकी, कव्वाली, मध्येच आईचं एखादं गाणं. लिफ्टमधून बाहेर पडताच ऐकू येतं. मला फार बरं वाटतं — खरंच वाटतं.

मागच्या महिन्यात पप्पा एकदम म्हणाले, "बशीर, आता तरी सांग. ती तक्रार तूच केली व्हतीस न्हवं? आता मला राग न्हाई."

काकांनी मोबाईलवरचं गाणं बंद केलं.

"हो भाऊ, मीच केली होती. डोकं फार दुखत होतं."

"मला म्हाईतच व्हतं," पप्पा म्हणाले आणि पोट हलेपर्यंत हसले. काकांच्या पाठीवर त्यांनी थाप मारली.

मी तिथंच होते. चहाचा ट्रे हातात घेऊन, दोघांच्या मधोमध. आता काही तेरा वर्षांची नव्हते, सदतीस वर्षांची होते. काकांनी न केलेली चूक स्वतःवर घेतली, आणि मी त्यांच्यापुढे कप ठेवला. साखर बरोबर झालीय का, असं विचारलं. छान झालाय चहा, म्हणाले ते.